एक तास माझा

पातेल्यावर झाकण होतं आणि झाकणावर वीट.

हे इतकं लख्ख आठवतं, पण गंमत म्हणजे मी पातेल्याकडे बघतच नव्हतो. मी बघत होतो एका मुलीकडे, आणि ती बघत होती पातेल्याकडे. आठ-नऊ वर्षांची असेल. तिकडे शाळेतल्या मुलींचेही केस बारीक कापलेले असतात, तसा डोक्याचा गोटा. जांभळा गणवेश, खांद्यापाशी उसवलेला. पहिल्या रांगेत उभी राहून बाकीच्या दोनशे पोरांबरोबर ती स्वागताचं गाणं म्हणत होती. हातवारे बिनचूक, टाळी वेळेवर, गिरकी वेळेवर. फक्त डोळे आमच्या डोक्यांवरून पलीकडे, आंब्याखाली तीन दगडांवर ठेवलेल्या त्या काळ्या पातेल्यावर. त्यात पोशो होता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. शेजारच्या दुसऱ्या पातेल्यात घेवड्याची पातळ उसळ. जेवण बारा वाजताच शिजलं होतं. पण कागदावर छापलेल्या कार्यक्रमात ‘पाहुण्यांच्या हस्ते भोजन’ असं लिहिलेलं होतं आणि पाहुणे आले तीन वाजता.

आम्ही तीन तास उशिरा पोचलो. त्यातला एक तास माझा होता.

मी गेली नऊ वर्षं कंपालात आहे. आमच्या कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या आणि जेरीकॅन बनतात. ते पिवळे, वीस लिटरचे, जे युगांडात प्रत्येक बाईच्या डोक्यावर आणि प्रत्येक सायकलच्या कॅरियरला दिसतात. स्टोअर बघणारा आमचा मुलगा अचोली जमातीचा, उत्तरेतल्या गुलू शहराकडचा. त्याच्या चर्चची गावाकडे एक शाळा आहे, आणि त्या चर्चचं सूत अमेरिकेतल्या एका चर्चशी जुळलेलं. दरवर्षी तिकडून आठ-दहा माणसं येतात, भिंती रंगवतात, फुटबॉल वाटतात, पोरांबरोबर गाणी म्हणतात आणि बारा दिवसांनी परत जातात. मागच्या वर्षी तो म्हणाला, “बॉस, आपल्याकडचे थोडे डागी जेरीकॅन द्याल का? आणि तुम्हीच चला ना द्यायला.” मी घरचा वारकरी, म्हणजे आजोबांच्या माळेपुरता. प्रार्थनासभेत आपलं काय काम, असं म्हणत म्हणतच गेलो. खरं सांगायचं तर मला लाकोर बघायचं होतं, आणि ते त्याच रस्त्याला होतं.

लाकोरचं हॉस्पिटल गुलूपासून पाच-सहा किलोमीटरवर. कोंबोनी मिशनऱ्यांनी १९५९ साली सुरू केलेलं. दोन वर्षांनी तिथं पिएरो कोर्ती नावाचा इटालियन डॉक्टर आला आणि त्यानं गळ घातली म्हणून माँट्रियलची एक सर्जन आली, लुसिल टीसडेल. ती आली होती दोन महिन्यांसाठी. हे वाचल्यापासून ते दोन महिने माझ्या डोक्यात बसले होते. त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं आणि बाई पुढची तीसेक वर्षं ऑपरेशनं करत राहिली. यादवीतल्या जखमींच्या मांसात हाडांचे तुकडे असायचे, शोधताना मोजा फाटायचा, बोटाला कापायचं. त्यातूनच एचआयव्ही झाला. १९८५ मध्ये कळलं, तरी काम सुटलं नाही. १९९६ मध्ये गेली. हॉस्पिटलच्या आवारात तिची कबर आहे, शेजारी पिएरोची, आणि तिथंच मॅथ्यू लुक्वियाची.

हा लुक्विया अचोली, तिथलाच पोरगा. बंडखोर हॉस्पिटलातली माणसं पळवून न्यायला आले तेव्हा ‘त्यांच्याऐवजी मला न्या’ म्हणून त्यांच्याबरोबर रानात गेलेला. त्या बंडखोरांच्या फौजेच्या नावात देवाचं नाव होतं, लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी. तिच्या भीतीनं हजारो बाया-पोरं रोज संध्याकाळी खेड्यांतून चालत यायची आणि लाकोरच्या आवारात रात्र काढायची. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये नर्सिंगचे विद्यार्थी एकामागून एक मरायला लागले. लुक्विया तेव्हा कंपालात शिकायला होता. त्याला बोलावून घेतलं. केसपेपर वाचून हे काहीतरी वेगळं आहे, हे त्यानंच ओळखलं. इबोला निघाला. सहकारी मरायला लागल्यावर कर्मचारी बिथरले. ज्याला जायचं त्यानं जावं, मी थांबणार आहे, असं तो म्हणाला आणि थांबला. ५ डिसेंबरला तोही गेला.

मी त्या कबरींपाशी उभा होतो. फार शांत वगैरे काही नव्हतं तिथं. पेशंटच्या सोबतची माणसं हिरवळीवर लुगडी वाळत घालत होती, कुणी कोळशाच्या शेगडीवर काहीतरी ढवळत होतं, एक पोर उघड्या ढुंगणानं रांगत होतं. आपल्याकडच्या कुठल्याही सिव्हिलच्या मागच्या बाजूला असतं तसंच सगळं, फक्त झाडलेलं. माझा घसा दाटून आला होता, आणि घसा दाटून आल्याचं थोडं समाधानही वाटत होतं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आपण स्वतःला इतपत ओळखतो. स्टोअरवाला मुलगा गाडीपाशी उभा राहून घड्याळ बघत होता. “बॉस, पोरं थांबलीत.”

“हो रे, पाचच मिनिटं.”

ती पाच मिनिटं म्हणजे माझा तास. बाकीच्या दोन तासांतला एक अमेरिकन मंडळींच्या सकाळच्या प्रार्थनेचा आणि एक पंक्चरचा. त्यांचं तेच बघून घेतील.

मुरमाच्या लाल रस्त्यावरून गाडी शाळेच्या फाटकात शिरली तेव्हा पोरं “मुनू! मुनू!” करत धावली. मुनू म्हणजे गोरा. मी उतरलो तशी जरा अडखळली. हा मुनू धरायचा की नाही? कंपालात मी ‘मुयिंडी’, म्हणजे हिंदी माणूस, म्हणजे दुकानदार. त्या शब्दाला एक जुनी धार आहे. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीननं नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना हाकललं, ते सगळं त्या शब्दात अजून आहे. तिथल्या पोरांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. एकानं निर्णय घेतला आणि माझा हात धरला. मग मीही मुनू झालो.

ओळीनं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांवर फुलाफुलांची कापडं. म्हाताऱ्या बाया मात्र चटयांवर, पाय पसरून. मी खुर्चीत बसलो, गाणं सुरू झालं, आणि ती मुलगी पातेल्याकडे बघायला लागली.

तिचं ते बघणं मला कुठंतरी ओळखीचं वाटत होतं. कुठं, ते रात्री गेस्टहाऊसच्या मच्छरदाणीत आठवलं.

आमचं गाव जालन्यापासून बैलगाडीच्या अंतरावर. बहात्तरच्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो. म्हणजे इकडे अमीन माणसं हाकलत होता तेव्हा तिकडे आम्ही मिलोच्या लाल भाकरी खात होतो. अमेरिकेतून आलेली ती ज्वारी. आमची आजी ती हातात घेऊन म्हणायची, “ह्ये काय जनावराचं हाय का माणसाचं?” खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची. विहिरी तळाला गेल्या, आणि मग एक दिवस जालन्याच्या मिशनचं बोअरचं मशीन गावात आलं. दोन दिवस आणि एक रात्र तो आवाज चालू होता. काळ्या कातळातून आधी पांढरी भुकटी उडाली, मग चिखल, मग पाणी. त्यावर हापसा बसला.

त्या हापशाची एक कथाच आहे, आणि ती आमच्या भागाबाहेर फारशी कुणी सांगत नाही. त्या काळी बोअरवर बसवायचे ते बिडाचे हापसे, परदेशातल्या शेतावरच्या एका कुटुंबासाठी बेतलेले. आपल्याकडे अख्खं गाव दिवस-रात्र हापसायचं. महिन्या-दोन महिन्यांत दांडा तुटायचा, खिळ्या झिजायच्या, आणि बोअर तसंच पडून राहायचं. जालन्याच्या मिशनच्या वर्कशॉपमध्ये तेव्हा कुणीतरी डोकं लावलं. बीड सोडा, पोलाद जोडा. सांधे कमी करा. मग सोलापुरात त्यावर आणखी काम झालं, तिथल्या एका शाळा न शिकलेल्या मेकॅनिकचा त्यात मोठा वाटा होता असं सांगतात. हाच सोलापुरी हापसा पुढे युनिसेफच्या मदतीनं सुधारला गेला आणि त्याचं नाव पडलं इंडिया मार्क टू. भरीव लोखंडी दांडा, डोक्यात साखळी, तीन पायांवर उभा.

पण आमच्या गावातला प्रश्न यंत्राचा नव्हता. मिशनच्या साहेबानं हापसा बसवला तो वेशीपलीकडे, तेव्हा जिला महारवाडा म्हणत त्या वस्तीच्या तोंडाशी. आजीनं सांगून टाकलं, त्या पाण्याला हात लावायचा नाही. “मिशनवाले त्यात पाव टाकत्यात म्हणं.” विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याची गोष्ट खरं तर वसईकडची, ती मराठवाड्यात कुठल्या वाऱ्यानं आली कोण जाणे. आजोबा माळ ओढत म्हणाले, “अगं, त्या हापशाला तोंडच न्हाई. पाव घालतील कुठनं, दांड्यातनं?” आख्खी ओसरी हसली. आजी नाही हसली. तिची अडचण पावाची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. तीन आठवडे ती आटलेल्या विहिरीतलं गढूळ पाणी वस्त्रगाळ करत राहिली. मग एका रात्री मला उठवून सोबत घेतलं, दोन घागरी, कंदील विझवलेला, आणि आम्ही गेलो. हापशाचा आवाज रात्री केवढा येतो! खटक्, खटक्. वस्तीत कुणीतरी खोकलं. आजी थांबली, मग पुन्हा हापसायला लागली. दुसऱ्या दिवशी कुणी काही बोललं नाही. वस्तीतली माणसं तरी कशाला बोलतील. अशा रात्रीच्या घागरी त्यांनी गावातल्या बऱ्याच घरांच्या ऐकल्या असणार.

नंतर एकदा परदेशातून पाहुणे आले हापसा बघायला. आम्हाला गुरुजींनी सकाळी सातपासून उन्हात उभं केलं. मला चुलत भावाचा सदरा घातला होता, बाह्या दोनदा दुमडून. ‘स्वागतम्’ म्हणायचं होतं. हेडमास्तरांच्या खोलीच्या खिडकीत एका ताटात गूळ-शेंगदाणे फडक्याखाली झाकून ठेवले होते, पाहुण्यांच्या हातून वाटायला. फडक्यावरून मुंग्यांची रांग चालली होती आणि मी गाणं म्हणत ती रांग मोजत होतो. पाहुणे दुपारी आले. एका गोऱ्या साहेबानं कोट काढून चार वेळा हापसा मारला, पाणी आलं, टाळ्या झाल्या. माझ्या गालाला हात लावून त्यानं काहीतरी विचारलं, मी “येस” म्हणालो. फोटो काढला. तो फोटो आता स्कॉटलंडात की कुठं, कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. त्यात मी हसतोय की नाही, मला आठवत नाही. कुठं बघतोय ते मात्र सांगू शकतो.

आता एवढं सगळं झाल्यावर मी त्या साहेबावर रागवावं की काय? पाणी आलं ते आलंच. माझी धाकटी बहीण मिशनच्याच दवाखान्यात झाली, आडवी आली होती, आई वाचली. आजीनं त्यानंतरही मिशनला शिव्या देणं सोडलं नाही आणि दर वर्षी नव्या ज्वारीचं पायलीभर माप दवाखान्यातल्या बाईंकडे पाठवणंही सोडलं नाही. तिला त्यात काही विसंगत वाटलं नाही. मला वाटतं, पण मी शिकलेला.

तर शाळेत. गाणी संपली, भाषणं झाली, मग पास्टरांनी जेवणावर आशीर्वाद मागितला. मी घड्याळ बघितलं नाही, लाज वाटली. पण प्रार्थनेत पाऊस, राष्ट्राध्यक्ष, आमची कंपनी आणि अमेरिकेचा सुखरूप परतीचा प्रवास एवढं सगळं आलं. त्यानंतर वीट उतरली. पोशोवर जाड साय धरली होती, खरवडून काढावी लागली. मला पळी दिली. मी वाढायला लागलो आणि कुणीतरी माझा फोटो काढायला लागलं. ती मुलगी आली, निळा प्लास्टिकचा वाडगा पुढे केला. मी जरा जास्त वाढलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, वाडग्यात पाहिलं, मागच्या मैत्रिणीच्या वाडग्यात पाहिलं, आणि गेली. का पाहावं?

आमचं जेवण वेगळं होतं, हेडमास्तरांच्या खोलीत. भात, कोंबडी, आणि एका वाटीत हिरवट-तपकिरी काहीतरी. मालाक्वांग, म्हणाले. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. अंबाडी! तीच आंबट चव, वर शेंगदाणे-तिळाचं वाटण. आजी ज्वारीच्या कण्या घालून करायची, लसणाची फोडणी वरून. लाल मातीच्या त्या खोलीत, ख्रिस्ताच्या कॅलेंडरखाली बसून मी तीनदा ती भाजी मागून घेतली. अमेरिकन मंडळींनी एकेक चमचा घेऊन सोडली होती. हेडमास्तरीणबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी पाल्याची एक जुडी कागदात बांधून दिली.

त्या मंडळींत एक साठीची बाई होती. गुलाबी टोपी, प्रत्येक गोष्टीला “ओ माय!” पहिल्या दिवसापासून मी मनात तिची टिंगल करत होतो. जेवून बाहेर आलो तर ती व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली, मांडीवर एका पोराचा पाय. टाचेला जुनी जखम, पू झालेला. निवृत्त नर्स होती म्हणे. उकळून थंड केलेलं पाणी, गॉज, चिमटा; तोंडानं अवाक्षर नाही, आसपास कॅमेरा नाही. पोरगं ओठ चावत होतं आणि ती त्याला स्वतःची टोपी धरायला देऊन कामाला लागली होती. पाऊण तास. माझी टिंगल माझ्याजवळच राहिली, तिचं काय करावं ते कळेना.

हात धुवायला म्हणून मी मैदानाच्या कडेला गेलो. तिथं हापसा होता. तीन पाय, चौकोनी डोकं, भरीव दांडा. युगांडात त्याला यू-टू म्हणतात, पण पत्र्यावर अजून ‘मेड इन इंडिया’ची पुसट अक्षरं होती. मी काही बोलायच्या आत एक मुलगा दांड्याला लोंबकळला. खटक्. खटक्. अंगावर सरसरून काटा आला. मग पाणी आलं, चहाच्या रंगाचं. हातावर लोखंडाचा वास.

हेडमास्तर मागून आले. पाइप गंजलेत, म्हणाले. इकडचं जमिनीतलं पाणी आम्लधर्मी, लोखंडी पाइप खातं. या पाण्यात कपडे लाल होतात, उसळ काळी पडते. आज स्वयंपाकाचं पाणी पोरांनी झऱ्यावरून आणलं, जाऊन-येऊन तासभर. पीव्हीसी किंवा स्टेनलेसचे पाइप घालायला हवेत. दोन वर्षं मागतोय. मी विचारलं, पाहुण्यांना सांगितलंत? ते हसले. “सर, पाहुण्यांना पाइप जमिनीखाली असतो, दिसत नाही. भिंत दिसते.” भिंत खरंच सुंदर दिसत होती, आकाशी, तिच्यावर नोहाची नौका. आणि मी तरी काय आणलं होतं? पन्नास जेरीकॅन. ते लाल पाणी भरायला.

निघताना व्हिजिटर्स बुक आलं. लांबलचक, खाकी पुठ्ठ्याचं, शेऱ्यांच्या रकान्याचं. आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा अशीच वही निघायची आणि हेडमास्तर स्वतःच्या हातानं टाक पुढे करायचे. वरचे शेरे मी वाचले. ‘अमेझिंग’. ‘ब्लेस्ड’. ‘सो मच जॉय’. कुठल्याशा मुलानं हसरा चेहरा काढला होता. माझ्या पाठीमागे पोरं वाडगे धुवायला झऱ्याच्या वाटेला लागली होती, जांभळी रांग.

मी नाव लिहिलं, कंपाला लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात मराठीत लिहिलं: पोरं उपाशी होती. तीन तास उशीर झाला, त्यातला एक माझा. पाइप बदला.

हेडमास्तरांनी वही फिरवून अक्षरांवरच्या रेघेवरून बोट फिरवलं. “सुंदर लिपी आहे. अर्थ काय याचा?”

“आपोयो मातेक,” मी म्हणालो. खूप खूप आभार.

त्यांनी खाली शाळेचा शिक्का मारला.